रांग कुठे टिकते

परदेशातून परतलेल्या माणसाच्या बोलण्यात एक तक्रार हटकून येते. तिकडे लोक गुमान रांगेत उभे राहतात, आपल्याकडे मात्र शिस्त नावाची गोष्टच नाही. ऐकणारेही मान डोलावतात, कारण बसच्या दारातली धक्काबुक्की सगळ्यांनीच सोसलेली असते. कारखान्यांत यंत्रं बसवून देणं आणि बिघडली की दुरुस्त करणं या माझ्या कामानं मला देशातल्या आणि देशाबाहेरच्या बऱ्याच शहरांत नेलं. हे फिरणं पर्यटकाचं नसतं. कारखाने शहराच्या कडेला असतात, मुक्काम लांबतो, आणि भल्या सकाळच्या बससाठी तिथल्या कामगारांबरोबरच थांबावं लागतं. त्यामुळे शहरातले राजवाडे आणि संग्रहालयं पाहण्यापेक्षा त्याचे थांबे, फलाट, खिडक्या आणि काउंटर जास्त पाहायला मिळतात. या पाहण्यातून माझं मत त्या नेहमीच्या तक्रारीच्या विरुद्ध बनत गेलं. माणूस रांगेत उभा राहतो की नाही, हे त्याच्या देशावर किंवा भाषेवर ठरत नाही. आपला नंबर खरोखर येणार आहे याचा त्याला किती भरवसा आहे, यावर ते ठरतं. आमच्या धंद्यात एक साधा नियम पाळतात. एकच बिघाड तिन्ही पाळ्यांत, वेगवेगळ्या ऑपरेटरच्या हातून होत असेल, तर ऑपरेटरला बोल लावणं थांबवायचं आणि यंत्र उघडून पाहायचं. शहरांच्या बाबतीत आपण नेमकं हेच करत नाही.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा पाहायला परदेशात जावं लागत नाही. आपल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनावर, लांब पल्ल्याची गाडी लागायच्या वेळी तो दिसतो. त्याच फलाटावर, त्याच गाडीसाठी दोन प्रकारची माणसं थांबलेली असतात. ज्यांच्याकडे आरक्षण आहे ती आपल्या डब्याचा नंबर दाखवणाऱ्या पाटीखाली सामान रचून बसलेली असतात; गाडी आली तरी कोणी धावत नाही, म्हाताऱ्यांना आधी चढू देतात, बॅगा आत सरकवून देतात. पन्नास पावलांवर जनरल डब्याची गर्दी असते आणि तिथे गाडी थांबायच्या आधीच माणसं दाराच्या दांड्याला लोंबकळतात, खिडकीतून रुमाल आणि पोरं आत टाकतात. २७ ऑक्टोबर २०२४ ला, दिवाळीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसला गोरखपूरची गाडी लागत असताना चेंगराचेंगरी झाली आणि माणसं जखमी झाली. ती गाडी पूर्णपणे अनारक्षित होती. आता या दोन जमावांत संस्कारांचा फरक काढून दाखवता येतो का? स्लीपरचा प्रवासी आणि जनरलचा प्रवासी बहुतेक वेळा एकाच जिल्ह्याचे, एकाच थराचे, कित्येकदा एकाच घरातले असतात. तिकीट मिळालं तर स्लीपर, नाही मिळालं तर जनरल. मार्च महिन्यात शांतपणे पाटीखाली बसलेला माणूसच दिवाळीत खिडकीतून आत शिरतो. मधल्या काळात त्याचं शिक्षण कमी झालेलं नसतं. त्याच्या हातातला बर्थचा नंबर गेलेला असतो, एवढंच.

यावर कोणी म्हणेल की आरक्षण म्हणजे जागेची हमी, आणि हमी असल्यावर कोणीही सभ्य वागेल. खरी कसोटी जिथे जागा ठरलेली नाही तिथे लागते. मग मेट्रो पाहावी. कोलकात्याची मेट्रो १९८४ पासून धावते, दिल्लीची २००२ पासून, मुंबईची पहिली मार्गिका वर्सोवा ते घाटकोपर २०१४ पासून. इथे कोणाचीही जागा राखीव नाही. तरी फलाटावर दाराच्या खुणांशी माणसं उभी राहतात, आणि बाहेर रस्त्यावर पिचकारी मारणारा जिना उतरून आत आला की तोंड मिटून घेतो. मेट्रो महाग असते, तिथे वरच्या वर्गाचे लोक येतात, हे उत्तर कोलकात्याला लागू पडत नाही. तिथलं तिकीट सुरुवातीपासून सामान्य माणसाला परवडणारं राहिलं आहे. मेट्रोत पहारा असतो हे खरं. पण घाटकोपरला त्या मेट्रोतून उतरून लोकलच्या फलाटावर जाणारा माणूस दोन-चार मिनिटांत दुसऱ्या तऱ्हेनं वागायला लागतो, आणि रेल्वेचे पोलीस तर तिथेही असतात. मला वाटतं, जास्त काम करणारी गोष्ट वेगळी आहे. मेट्रोत पुढची गाडी काही मिनिटांत येणार हे वर लिहिलेलं असतं आणि ती येते. दार कुठे उघडणार हे खाली रंगवलेलं असतं आणि ते तिथेच उघडतं. ही गाडी सुटली तरी फारसं बिघडत नाही हे अंगात मुरलं, की कोपर आपोआप खाली येतं.

ज्या शहरांचे दाखले आपण देतो, तिथेही रांग जन्मजात नव्हती. इंग्रज माणूस रांगेसाठी जगभर ओळखला जातो, पण ही ओळख मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घट्ट झाली. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये रेशनिंग सुरू झालं आणि ते १९५४ पर्यंत चाललं. दुकानापुढे तासन्‌तास उभं राहावं लागे, आणि जो मोरान या इतिहासकारानं दाखवून दिलं आहे की त्या रांगा आज वाटतात तितक्या सोशिक नव्हत्या. त्यांत कुरबुरी, संशय आणि भांडणं होती. पण रेशनिंगमध्ये एक गोष्ट होती. घरातल्या माणसांमागे किती लोणी आणि किती साखर हे ठरलेलं होतं, आणि ते कार्डावर लिहिलेलं होतं. हाँगकाँगचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १९७५ मध्ये तिथे मॅकडॉनल्ड्‌सचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाइकं काउंटरला गराडा घालून, नोटा नाचवत, ओरडून मागणी करत. मानवशास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांनी याची नोंद केली आहे. दुकानानं रांग लावून देण्यासाठी माणसं उभी केली, आणि काही वर्षांत तिथले लोकच मध्ये घुसणाऱ्याला हटकू लागले. सिंगापूरच्या सरकारला १९७९ मध्ये सौजन्य शिकवणारी राष्ट्रीय मोहीम काढावी लागली, आणि पुढे तिच्यासाठी सिंहाच्या छाव्याचं बोधचिन्हही आलं. टोकियोच्या भुयारी रेल्वेनं १९७४ पासून फलाटावर वागणुकीची भित्तिपत्रकं लावायला सुरुवात केली. बीजिंगनं ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २००७ पासून, दर महिन्याची ११ तारीख रांगेचा दिवस म्हणून ठरवली, कारण ११ हा आकडा एकामागे एक उभ्या दोन माणसांसारखा दिसतो. जिथे लोक मुळातच शिस्तीचे असतात तिथे असल्या मोहिमा काढाव्या लागत नाहीत. या सगळ्या शहरांतल्या कारभाऱ्यांनी आपल्या नागरिकांविषयी कधी ना कधी तेच म्हटलं आहे जे आपण आज आपल्याविषयी म्हणतो.

मग मोहिमांनी आणि दंडांनी हे घडवलं का? सिंगापूरचा दंड सगळ्यांच्या तोंडी असतो, आणि दंडाचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. कचरा टाकणाऱ्याला दंड करता येतो, कारण कचरा टाकला की नाही हे दिसतं. पण बसच्या दारात कोणी कोणाला किती ढकललं याचा हिशेब कुठलाच पोलीस ठेवू शकत नाही. तिथे दंडाचा हात पोचत नाही आणि तरीही सिंगापूरमध्ये माणसं बाजूला थांबून उतरणाऱ्यांना वाट देतात. सिंगापूरनं सौजन्याची पत्रकं लावली, पण त्याचबरोबर १९८७ मध्ये भुयारी रेल्वे सुरू केली आणि बसचं जाळं नीट विणलं. टोकियोचे आकडे तर मला फार शिकवून गेले. तिथल्या मुख्य मार्गांवरची ऐन गर्दीच्या वेळची सरासरी १९७५ मध्ये डब्याच्या ठरलेल्या क्षमतेच्या २२१ टक्के होती. माणसं आत दाबून बसवायला फलाटावर नोकर ठेवावे लागत. पुढच्या चाळीस वर्षांत प्रवासी वाढले, तरीही ही गर्दी १६५ टक्क्यांच्या आसपास उतरली, कारण त्या काळात जादा रूळ टाकले गेले, डबे वाढवले गेले, गाड्यांमधलं अंतर कमी केलं गेलं. म्हणजे ज्या काळात भित्तिपत्रकं लोकांना शहाणपण सांगत होती, त्याच काळात रेल्वे आपली बाजू सांभाळत होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीनं जाहीर माफी मागितली. त्या बातमीवर जगभर लोक हसले. मला ती हसण्याची वाटत नाही. वेळापत्रक हे प्रवाशाला दिलेलं वचन आहे असं मानणारी रेल्वे असेल, तर प्रवासीही फलाटावरच्या रेघेला तेवढाच मान देतो.

लोकसंख्येचा मुद्दा इथेच येतो, आणि तो दुबळा नाही. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनातून रोज तीस लाखांच्या आसपास माणसं जातात. जगात इतकं वर्दळीचं स्टेशन दुसरं नाही. तेव्हा गर्दी असली की रांग मोडते हे सरसकट खरं नाही. पण मुंबईची गर्दी वेगळ्या जातीची आहे हे मान्य करायला हवं. उपनगरी गाड्यांनी रोज पंचाहत्तर लाखांच्या आसपास लोक प्रवास करतात, आणि ऐन वेळी डब्यात उभ्या माणसांची दाटी एका चौरस मीटरला चौदा ते सोळा एवढी होते. मधल्या स्टेशनावर गाडी जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. अशा दारासमोर सरळ रांग लावली तर मागचे निम्मे फलाटावरच राहतील, आणि पुढची गाडीही अशीच भरलेली येईल हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तिथे ढकलणारा माणूस बेशिस्त आहे असं म्हणणं म्हणजे त्याची परिस्थिती न पाहता त्याला गुण देणं झालं. त्याला हजेरी लावायची असते, उशीर झाला की पगार कापला जातो, आणि त्या वीस सेकंदांत त्याला मिळालेली वागणूक त्यानं ठरवलेली नसते.

आणि तरीही त्याच लोकलच्या आत जे चालतं ते मी पाहिलेल्या कुठल्याही शहरातल्या रांगेपेक्षा जास्त नाजूक आणि जास्त कसबाचं आहे. डब्यात शिरलेली बाई पहिल्यांदा बसलेल्यांना विचारते, कुठे उतरणार? कोणी मुलुंड म्हणतं, कोणी ठाणे. मुलुंडवालीची जागा तिनं मागून ठेवली की ती जागा तिची. मग ती तिथून चार हात लांब उभी राहिली तरी मधली कोणी त्या जागेवर हक्क सांगत नाही. सांगितलाच तर आजूबाजूच्या अनोळखी बायका साक्षीला उभ्या राहतात. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू द्यायचं, हा नियम कुठल्याही पाटीवर लिहिलेला नाही. उतरायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडे सरकायला लागायचं, पुढच्याला विचारायचं, दादर का? तो हो म्हणाला तर त्याच्या मागे थांबायचं, नाही म्हणाला तर त्यानं अंग चोरून वाट द्यायची. पाय ठेवायला जागा नसलेल्या डब्यात ही रांग अशी बोलण्यातून लागते. क्यूबात हवानाच्या दुकानांपुढे साधारण हीच रीत आहे. येणारा माणूस विचारतो, शेवटचं कोण? एकानं हात वर केला की नव्यानं त्याच्यानंतरचा आपला नंबर धरायचा आणि खुशाल सावलीत जाऊन बसायचं. पाहुण्याला तो नुसता घोळका वाटतो, पण त्यातल्या प्रत्येकाला आपल्या पुढे कोण आहे हे ठाऊक असतं. लोकलमध्ये ही पद्धत टिकली, कारण मुलुंडवाली मुलुंडला उतरतेच. वचन छोटं आहे, पण ते रोज पाळलं जातं. दाराबाहेर असं कोणतंच वचन नाही, म्हणून तिथे तीच माणसं वेगळी होतात.

ज्यांना हा पुरावा शहरी वाटेल त्यांनी आषाढीला पंढरपुरात जावं. विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायला थांबलेल्यांची दर्शनबारी गोपाळपूरपर्यंत जाते आणि पंधरा-वीस तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. त्या बारीत उभे असतात ते मराठवाड्यातले, विदर्भातले, खानदेशातले शेतकरी आणि मजूर. त्यांना नागरिकशास्त्र शिकवायला कोणी गेलेलं नसतं. पावसात, चिखलात, पायांना भेगा पडलेल्या असताना ते जागा सोडत नाहीत, आणि कोणाला बाहेर जावं लागलं तर मागचा माणूस त्याची जागा राखून ठेवतो. श्रद्धा हे कारण आहेच, ते मी नाकारत नाही. पण श्रद्धेबरोबर एक खात्रीही असते, की विठोबा कुठे जाणार नाही आणि उशिरा पोचणाऱ्यालाही तोच पाय मिळेल. आता याच मराठवाड्यातलं लातूर शहर २०१६ च्या उन्हाळ्यात आठवावं. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सार्वजनिक नळापुढे हंड्यांची रांग लावायची पद्धत या शहराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. हंडा रांगेत ठेवून बाई घरी जाऊन भाकरी करून येत असे आणि हंडा जागेवर असे. पण टँकर कधी येणार, येणार की नाही, आणि आला तर आपल्यापर्यंत पाणी पुरणार का, यातलं काहीच ठाऊक नसेल, तर हंडा राखण करू शकत नाही. तिथे स्वतःलाच उभं राहावं लागतं, आणि टँकर दिसताच धावावं लागतं.

पुरवठा आणि वेळ या दोन गोष्टी अभियंत्याला लवकर दिसतात. रांगेचं गणित मांडायला सुरुवातच मुळी तिथून झाली. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञानं १९०९ मध्ये, किती फोन येतील आणि किती माणसांना ताटकळावं लागेल याचा हिशेब मांडला, आणि आजही टेलिफोनपासून टोलनाक्यापर्यंत तोच धागा वापरला जातो. पण माणसांच्या रांगेत तिसरी एक गोष्ट असते, ती त्या गणितात येत नाही. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसिकतेवर एक निबंध लिहिला. किती वेळ लागेल हे ठाऊक नसलेली प्रतीक्षा जास्त लांब वाटते, आणि अन्यायाची प्रतीक्षाही जास्त लांब वाटते, ही त्यातली निरीक्षणं कोणत्याही सरकारी कचेरीत दहा मिनिटं बसलं तरी पटतात. आपल्याकडे रांग मोडते त्यातला मोठा वाटा या अन्यायाचा आहे. खिडकीपुढे वीस माणसं उभी असताना बाजूच्या दारातून एकजण आत जातो, साहेबांचं नाव सांगतो आणि काम करून बाहेर येतो. देवळात मोठ्या पाहुण्यासाठी बारी अडवली जाते. वीस माणसांपैकी प्रत्येकजण हे पाहतो आणि एकच धडा घेतो, की रांग ही ज्याची कुठे ओळख नाही त्याच्यासाठी असते. मग तोही ओळख शोधू लागतो, आणि ज्याला ती सापडत नाही तो कोपर वापरतो. धक्काबुक्की करणाऱ्याला आपण नावं ठेवतो, पण बाजूच्या दारातून आत गेलेल्याला मात्र वजनदार माणूस म्हणतो. माझ्या मते रांग पहिल्यांदा त्या बाजूच्या दारातच मोडलेली असते. पासपोर्टच्या कचेऱ्यांत टोकन आणि भिंतीवरचा पडदा आला, कोणाचा नंबर कुठल्या टेबलावर आहे हे सगळ्यांना दिसू लागलं, तेव्हा तीच माणसं खुर्चीवर बसून वाट पाहायला लागली. त्यांना कोणी सौजन्य शिकवलं नव्हतं.

माझ्या म्हणण्याला एक अडचण आहे आणि ती मी टाळणार नाही. विमानात प्रत्येकाची जागा ठरलेली असते, कोणालाही आत सोडून विमान परत जात नाही, आणि तरी चाकं जमिनीला टेकताच आपली माणसं उठून सामान काढू लागतात. इथे भरवशाचा प्रश्न कुठे आला? प्रश्न नाही, पण सवय आहे. ज्या माणसाला आयुष्यभर प्रत्येक दारात उशिरा उठण्याची किंमत मोजावी लागली, त्याचं शरीर विचार करण्याआधी उठतं. सवय ही व्यवस्थेपेक्षा हळू बदलते, म्हणून नवी बससेवा सुरू केली आणि महिनाभरात लोक सुधारले नाहीत असं म्हणून हात झटकणं बरोबर नाही. हाँगकाँगला वर्षं लागली. आणि सवय उलट्या दिशेनंही बदलते, हे मुंबईकरांना सांगायला नको. बेस्टच्या थांब्यावरची रांग ही एके काळी या शहराची अभिमानाची गोष्ट होती. बाहेरगावचा माणूस मुंबईला आला की ती पाहून थक्क होई. भर पावसात छत्र्यांची रांग, आणि कंडक्टरनं बस म्हटलं की तिथे तुटणारी. १९२६ पासून धावणाऱ्या या बसगाड्या पंधरा-एक वर्षांपूर्वी चार हजारांच्या वर होत्या, आता तीन हजारांच्याही खाली आल्या आहेत. गाडी पंधरा मिनिटांऐवजी पाऊण तासानं यायला लागली आणि थांब्याच्या पुढे-मागे कुठेही उभी राहायला लागली, तशी बऱ्याच थांब्यांवरची रांग विस्कटली. माणसं रस्त्यावर उतरून गाडीच्या दिशेनं बघत उभी राहतात. त्याच थांब्यांवरचे, त्याच घरांतले लोक. त्यांच्या आईवडिलांनी जी रांग धरली होती ती त्यांनी का सोडली, याचं उत्तर मुलांच्या संस्कारांत शोधायचं की डेपोत? आणि याच शहरात उपनगरी स्टेशनांबाहेर शेअर रिक्षाला कितीही लांब रांग लागलेली दिसते, कोणी पोलीस नसताना, कारण तिथे एकामागे एक रिक्षा येत राहते.

रांग लागली म्हणजे सगळं भलं झालं, असंही मला म्हणायचं नाही. १९८० च्या दशकात पोलंडमध्ये दुकानापुढे अत्यंत शिस्तशीर रांगा लागत. लोक नावांच्या याद्या करत, पाळीपाळीनं हजेरी घेत, रात्रभर जागा राखत. ती शिस्त कौतुकाची असली तरी ज्या कारभारानं ती करायला लावली तो नापासच होता. जो माणूस तासाच्या हिशेबानं कमावतो त्याच्यासाठी रांगेतला प्रत्येक तास पैशाचा असतो, आणि म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, गरोदर बाईला नुसतं उभं राहणंच परवडत नाही. म्हणून चांगल्या शहराची खूण रांग किती सरळ आहे ही नसून ती किती आखूड आहे, ही असावी. पण आपल्याकडे या प्रश्नापर्यंत चर्चा पोचतच नाही, कारण ती आधीच लोकांच्या स्वभावावर येऊन थांबते. लोकांना शिस्त नाही हे वाक्य मला नुसतं चुकीचं वाटत नाही, त्यानं नुकसान होतं म्हणून ते मला बोचतं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. पावसासाठी थांबलेली गर्दी, एक अरुंद पूल, आणि दोन्ही बाजूंनी लोंढे. त्यानंतरही गर्दीनं कसं वागायला हवं होतं यावर पुष्कळ बोललं गेलं. मग लष्कराला बोलावलं गेलं, आणि पुढच्या फेब्रुवारीअखेर तिथे नवा पूल वापरात आला. जो पूल पाच महिन्यांत होऊ शकत होता तो इतकी वर्षं का झाला नाही, हा प्रश्न विचारायला लोकांच्या स्वभावाबद्दलची बोलणी बाजूला ठेवावी लागतात.

आता तर रांगा डोळ्यांना दिसेनाशा होऊ लागल्या आहेत, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाला वातानुकूलित डब्यांची आणि अकराला बाकीच्या डब्यांची खिडकी उघडते ती फोनवर. लाखो माणसं एका क्षणी बोट टेकवून बसतात, आणि काही मिनिटांत प्रतीक्षायादी सुरू होते. आपल्या पुढे किती जण होते, कोण आधी आलं, दलालानं यंत्रं लावून जागा उचलल्या का, यातलं काहीच दिसत नाही. जुलै २०२५ पासून त्यासाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली आणि पहिल्या अर्ध्या तासात दलालांना बंदी आली, हे पाऊल योग्य दिशेनं आहे. पण नंबर कितवा आहे हे सांगणं त्याहून सोपं आहे आणि ते अजून होत नाही. दवाखान्याची वेळ घेताना, शाळेचा प्रवेश भरताना, घराच्या सोडतीची वाट पाहताना लोकांना एवढंच हवं असतं: माझ्या पुढे किती, आणि त्यांतला कोणी मधून तर आला नाही ना. खिडकीपुढे उभं राहून पुढची डोकी मोजता येत होती आणि घुसणाऱ्याला हटकताही येत होतं. फोनच्या पडद्यावर ही सोय करून देणं हे आज्ञावली लिहिणाऱ्याचं काही दिवसांचं काम आहे, आणि ते त्याच्याकडून मागून घेणं आपलं.